पटलेकाकूंची चक्री

"चेंडू का दाबू मी? तो का आंबा हाय?"

पटलेकाकूंचं माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं बोलणं. शाळेच्या नोकरीसाठी मी कुडव्याला भाड्याने राहायला आलो, त्याच आठवड्यात शेजारच्या अंगणातून एक पिवळा रबरी चेंडू भिंतीवरून उडत आला आणि माझ्या पायाशी पडला. परत द्यायला गेलो तर काकू खुर्चीत ताठ बसलेल्या, आणि पोस्टातून निवृत्त झालेले काका त्यांच्यापुढे हात जोडून उभे. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला होता, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. चेंडू त्यांनी डाव्या हाताने भिरकावला होता.

"डॉक्टर म्हणाले रोज दाबायचा," काका मला सांगू लागले.

"हाताले काम नाही, त हात उठल कायले?" काकूंनी त्यांना मध्येच तोडलं. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे ते मी इतक्यांदा ऐकलं, की वर्गात मुलांना सुनावताना माझ्याही तोंडून निघायचं.

मला गळाचा नाद. एका रविवारी नवी काठी आणि नवं रीळ घेऊन मी अंगणात बसलो होतो. रिळावर हिरवी, विणलेली दोरी भरायची होती. केसाएवढी बारीक, पण ताकद अशी की तोडायला दात पुरत नाहीत. मी मोठ्या हौसेने सगळी भरली, टोक ओढून पाहिलं, तर अख्खा गठ्ठा रिळावर गरगर फिरला! दोरी इतकी गुळगुळीत की उघड्या धातूवर तिने पकडच घेतली नव्हती. सगळी उलगडावी लागली. खाली साध्या नायलॉनचे थोडे वेढे घेतले, त्याला हिरवी दोरी गाठली आणि पुन्हा सुरुवात केली. आता ती ताणून भरायची होती. सैल भरली तर फेकताना गुंता ठरलेला. एका हाताने मूठ फिरवायची, दुसऱ्याने दोरी दाबून धरायची, आणि काठी कोण धरणार?

"एकटा काऊन झटून राहिला, मास्तर?" भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. "ते चक्री मी फिरवतो."

काका नको नको म्हणत होते. मी मात्र रिळाची मूठ डावीकडून काढून उजवीकडे लावली. काठी काकूंनी डाव्या बगलेत घेतली. उजव्या हाताची बोटं मुठीवर ठेवली की घसरायची. दोनदा घसरली, तिसऱ्यांदाही घसरली.

"दुपट्टा आणा," काकू म्हणाल्या. "बांधा हात."

"अगं, लागेल तुला..."

"बांधा म्हन्तो ना!"

काकांनी हात मुठीला बांधला. मी समोर बसून ओल्या फडक्यात दोरी चिमटून धरली. पहिला वेढा खांद्याच्या जोराने गेला. दुसरा कसाबसा. मग रीळ कुरकुरलं, दोरी फडक्यातून सळसळत निघाली आणि काकू ओरडल्या, "पाह्य, चालून राहिली!" घाम कानामागून ओघळत होता, पण थांबायला तयार नाहीत. वेढ्यावर वेढा घट्ट बसत गेला. रिळाच्या काठाशी थोडी जागा उरल्यावर मी "बस" म्हणालो. त्यांनी एक वेढा जास्तच घेतला.

"आता मासा पायजे," त्या म्हणाल्या.

तिरोड्याजवळ त्यांचं माहेर. भावाने गावच्या तलावावर मासे धरायचं विचारून ठेवलं होतं. कमळाच्या पानांमध्ये मी आमिषाचा रबरी बेडूक फेकला आणि काठी काकूंच्या हातात दिली. हात पुन्हा दुपट्ट्याने बांधलेला. बेडूक दोन पानं ओलांडून आला असेल नसेल, पाणी फाटलं! मरळ होती. काठी कमानीसारखी वाकली. काकांनी मागून काकूंची कंबर धरली, मी काठीकडे झेपावलो.

"हात नोको लावू! माहा मासा हाय!"

मरळ देठांत घुसली. काकूंनी काठी उचलली, मूठ फिरवली, पुन्हा उचलली, पुन्हा फिरवली. दोरी गुणगुणत होती, पण रिळावरून तसूभर घसरली नाही. शेवटी देठांसकट मासा चिखलात आला. लांबलचक, काळाभोर, शेपटी आपटत होता. मी त्याच्यावर अक्षरशः आडवा पडलो.

वर पाहिलं तर काका माशाकडे बघतच नव्हते. दुपट्टा केव्हाच सुटून पाण्यात पडला होता. काकूंची पाची बोटं मुठीवर आवळलेली होती, आणि काका एकेका बोटाला हळूच हात लावून बघत होते.

"सोडा ना जी," काकू लाजून म्हणाल्या. "मास्तर पाहून राहिला."

पुढच्या वर्षी माझी चिचगडला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं, पण शेजारी कुलूप. निरोप घ्यायचा म्हणून फोन लावला. उचलला काकांनी, जन्मभर हळू बोलणाऱ्या त्या माणसाने.

"मास्तर, आत्ता नाही! लागलाय! अगं, डावीकडे, डावीकडे घे!"

मागून काकूंचा आवाज आला, "तुम्ही चूप राहा जी! मले समजते!"

फोन बंद करायचं त्यांना भान नव्हतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी फोन कानाशी घट्ट धरून रस्त्यात उभा होतो. पाण्याचा खळखळाट झाला, काहीतरी धपकन पडलं, आणि मग दोघंही एकदम ओरडले.

मीही ओरडलो. टेम्पोवाल्याने दचकून हॉर्न सोडला.