पायाला कळतं

माग बिघडला की मामा आधी चपला काढायचे. देवळाबाहेर काढाव्यात तशा, नीट जोडीनं, भिंतीलगत. मग अनवाणी मागाशेजारी उभे राहायचे, डोळे मिटून. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात एवढा खडखडाट, की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. मामांचं सगळं लक्ष मात्र तळपायात. "असू द्या की मालक, बघतो मी," म्हणायचे, आणि थोड्या वेळात माग चालू. ते आमचे जॉबर, मागांचे डॉक्टर म्हणा ना. वडिलांच्या वेळेपासूनचे. कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणत, मीसुद्धा.

एकदा विचारलं, "कसं कळतं हो तुम्हाला?"

"पायाला कळतं की," एवढंच.

घरी तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी, आणि दुखावले की गप्प. ते गप्प बसणं मला कधी वाचता आलं नाही. तुमच्याही कामावर असेल असं कोणी, बघा जरा.

यंदा मी चार नवे ऑटोमॅटिक माग घेतले. बँकेला विचारलं, साडूला विचारलं, मामांना नाही. पेट्या उतरल्या तेव्हा मामा चपला काढून शेडभर फिरले. म्हणाले, "फरशीखाली पोकळ हाय मालक. आदी पाया भरून घ्या की. न्हायतर धागा तुटत ऱ्हाणार."

"मामा, कंपनीचे इंजिनिअर बघून गेलेत," मी म्हणालो.

ते गप्प झाले. मला वाटलं, पटलं. काय अक्कल होती माझी!

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मागांची पूजा, आणि नारळ वाढवायचा तो सर्वांत जुन्या कामगारानं, ही वडिलांची रीत. मामा नवा सदरा घालून, हात धुऊन उभे होते. मी नारळ इंजिनिअरच्या हातात दिला. फोटो हवा होता, दुसरं काय. त्यानं तीनदा आपटला तरी फुटेना. कामगार हसले. मामांनी ओले हात नव्या सदऱ्याला पुसले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. मी निरोप धाडला, पगार वाढवतो म्हणून. उत्तर नाही. इकडे नव्या मागांवर धागा तुटायला लागला. इंजिनिअर फोन उचलेना. मोठी ऑर्डर महिनाअखेर द्यायची होती, आता माग उपसून पाया भरायला वेळ नव्हता. ती गेली तर कारखान्याला कुलूप, आणि चाळीस घरांच्या चुली गार. शेवटी मीच मामांच्या घरी गेलो.

त्यांच्या बायकोनं "कूर्चोंडी" म्हणत खुर्ची सरकवली, चहा आणला. मामा पलीकडे कॉटवर बसले होते. कळलं, की अक्कलकोट रोडला दुसऱ्या कारखान्यात लागलेत.

"तिकडं जास्त देतात का?" मी विचारलं.

"न्हाय. तेवढंच."

"मग?"

"मशीन घ्यायच्या आदी मला संगट घेऊन गेले तिकडचे मालक. गाडीत फुडं बसवून. मागच्या सीटवर त्यांचा पोरगा बसला."

 खरं सांगतो, मी हात जोडले. लाजलज्जा कुठली आता! "मामा, बंद पडेल हो कारखाना. वडिलांनी उभा केलेला. या की परत."

त्यांचे डोळे भरले होते. मी पाहिले ते.

"असू द्या की," ते म्हणाले.

पुढचे नेहमीचे दोन शब्द येतील म्हणून मी तसाच बसून राहिलो. चहावर साय धरली. ते शब्द काही आले नाहीत.

ऑर्डरला चार दिवस उरलेत, आणि आज सकाळी तिसरा नवा माग थांबला. मी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी उभा राहिलो, डोळे मिटून. फरशी थरथरत होती, एवढं कळलं. त्यापुढं काही नाही. डोळे उघडले तर कामगार माग सोडून माझ्या पायांकडे बघत उभे होते.