दिगूने सांगितलं होतं

दिगू गेल्याचं मला मासे घेताना कळलं. मिरकरवाड्याला बांगडे निवडत होतो. नाटे गावाहून येणारी मासेवाली बाई हातातला कोयता न थांबवता म्हणाली, "तुमचा तो गाड्यांच्या वायरिंगवाला दोस्त गेला ना सर? आज आठवा दिवस." मी होय म्हणालो. जणू मला माहीत होतं. पिशवी घेऊन घरी आलो आणि ओट्यावर ठेवून तसाच उभा राहिलो... त्याच्या घरून मला फोन आला नव्हता. तो यावा असं मी काही ठेवलंही नव्हतं.

दिगंबर आणि मी नाट्याच्या शाळेत एका बाकावर बसलो. दहावीनंतर तो कोल्हापूरला एका गॅरेजमध्ये काम शिकायला गेला, मी बी.एस्सी., बी.एड. करून रत्नागिरीत विज्ञानाचा शिक्षक झालो. काही वर्षांनी त्याने मिऱ्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम, दुसरं काही नाही. मी वर्गात विजेचा धडा शिकवायचो आणि ती खरी कशी वागते ते शाळा सुटल्यावर दिगूच्या शेडमध्ये बघायचो. तो मला मास्तर म्हणायचा. त्यात थट्टा असायची, पण मानही असायचा.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांकडे त्यांच्या वडिलांची जुनी काळी मोटार होती. गोल दिव्यांची, लांब बॉनेटची. वीसेक वर्षं ती आंब्याच्या वखारीत पडून होती. संस्थेला पन्नास वर्षं होणार म्हणून ती मिरवणुकीत पुढे काढायची असं ठरलं. इंजिनाचं काम झालं, रंग झाला, पण वायरिंग हात लावला की पिठासारखं गळत होतं. खाऱ्या हवेने तारांवरचं कापडी आवरण खाल्लं होतं, उरलेलं उंदरांनी. "कोणी भरवशाचा माणूस आहे का सर?" असं अध्यक्षांनी मला विचारलं, आणि मी दिगूचं नाव सांगितलं. मीच सांगितलं.

दिगूने दोन महिने घेतले. जुनी वायर न् वायर जमिनीवर पसरून, तिच्या मापाने नवी कापून, टोकाला कागदाची चिठ्ठी बांधून तो जोडत गेला. मी संध्याकाळी टॉर्च धरून उभा राहायचो. सगळं जोडून झालं, पुढचे दिवे लावले, तर डॅशबोर्डावरचे सगळे इशाऱ्याचे दिवे एकदम मंद लागले, ऑइलचा, चार्जिंगचा, सगळेच. मला वाटलं आता सगळं उघडावं लागणार. दिगू म्हणाला, "वायच थांब." त्याने एका तारेचं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं डॅशबोर्डाच्या पत्र्याला टेकवलं. मंद दिवे विझले. "अर्थिंग नाही मिळत त्याला. यांनी हौसेने जाड रंग मारलाय ना." मग पत्र्यामागचा रंग रुपयाएवढा खरवडून त्याने स्क्रू आवळला. इतकंच. पण ते इतकंच कळायला तो अर्धा तास नुसता बघत बसला होता.

खरी अडचण पुढे आली. अशा जुन्या गाडीत चावी फिरवली की, इंजिन सुरू करायच्या आधी, चार्जिंगचा लाल दिवा लागायला हवा, आणि इंजिन पळू लागलं की विझायला हवा. या गाडीत तो चावी फिरवल्यावर कधी लागायचा, कधी लागायचाच नाही. दिगूने बल्ब बदलला, होल्डर साफ केला, तार तपासली. शेवटी बॉनेटखालच्या कटआउटपाशी येऊन थांबला. डायनॅमोची वीज बॅटरीत जाऊ द्यायची आणि गाडी थांबली की ती वाट बंद करायची, हे त्या डबीचं काम. तिच्या आतल्या पट्ट्या चिकटत होत्या. त्या चिकटल्या की बंद गाडीतही बॅटरीची वीज उलटी वाहत राहते आणि तारा तापतात. नवा कटआउट त्याने कोल्हापूरहून मागवला. तो गुरुवारी येणार होता. मिरवणूक मंगळवारी होती.

रविवारी सकाळी अध्यक्ष शेडवर आले. चावी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "लाल दिवा लागत नाही, म्हणजे सगळं ठीकच आहे की."

"नाही साहेब," दिगू म्हणाला, "आत्ता तो लागायला हवा होता. नाही लागला हीच खूण वाईट. गुरुवारपर्यंत गाडी नेऊ नका. न्यायचीच झाली तर थांबवल्या थांबवल्या बॅटरीची तार काढा. इथं मी पाना बांधून ठेवतो."

तो पाना त्याने खरंच बॅटरीशेजारी दोरीने बांधला. अध्यक्ष बरं म्हणाले. शेडमध्ये आम्ही तिघेच होतो. ड्रायव्हर अनंतमामा त्या दिवशी गावी गेले होते, आणि त्यांना पुढे कोणीच काही सांगितलं नाही. मीही नाही. मला वाटलं, अध्यक्ष सांगतील.

मंगळवारी मिरवणूक देखणी झाली. मोटार मंडपाशेजारी उभी करून सगळे भाषणांना बसले. दुसरं भाषण चालू असताना बॉनेटमधून धूर आला. अनंतमामा धावले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पेटलेल्या तारा उघड्या हातांनी ओढून काढल्या. पाना तिथेच होता, पण तो कशासाठी हे त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी पुढून जळाली. मामांच्या उजव्या हाताची बोटं त्यानंतर कधी पुरती मिटली नाहीत.

चार दिवसांनी कार्यालयात बैठक झाली. दिगूला बोलावलं होतं. तो दाराजवळच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "वायरिंग कच्चं होतं. दिगंबर म्हणतात, त्यांनी सांगितलं होतं. मला तर कोणी काही सांगितलं नाही." मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही होतात तिथे. तुमच्यासमोर काही बोलणं झालं का?"

मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव त्या महिन्यात त्यांच्याच टेबलावर होतं. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

दिगूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे... अर्धा तास गाडीकडे बघत बसायचा, तसं पाहिलं. मग उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला. मी मुख्याध्यापक झालो.

गावात दिगूचं नाव पसरायला आठवडा पुरला. गाडी पेटवणारा, असं म्हणत. संस्थेच्या बस त्याच्याकडे यायच्या त्या थांबल्या, मग रिक्षावाले, मग सगळेच. वर्षभराने त्याने शेड सोडली आणि नाट्याला जाऊन होड्यांच्या बॅटऱ्या आणि दिवे दुरुस्त करू लागला. अनंतमामांना भेटायला मात्र तो दर महिन्याला यायचा, हे मला मामांनीच सांगितलं. माझ्याकडे आला नाही. मीही गेलो नाही. एकदा बसस्थानकावर समोरासमोर आलो. "निवृत्त झालास काय रे मास्तर?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "बरं झालं," एवढंच म्हणून तो राजापूरच्या गाडीत चढला. तीच शेवटची भेट. तो जेट्टीला लागलेल्या होडीत काम करता करता छातीत कळ येऊन गेला. बरोबरच्या लोकांनी होडीतून उचलून आणला, पण दवाखाना लांब होता.

तेराव्याला गेलो नाही, धीर झाला नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, पाणी दिलं, पडवीत बसवलं. कडेला त्याचं कामाचं टेबल होतं. वर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर लहानमोठ्या क्रमाने ओळीत, तारांची वेटोळी रंगाप्रमाणे खिळ्यांना. सहाच माणसं बसतील एवढ्या लहान पडवीतूनही ते टेबल कोणी हलवलं नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मला सगळं आठवत होतं."

"ठाऊक आहे भावजी," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, मास्तर विसरणारा नाही."

मी सांगितलं की मी हे सगळं लिहिणार आहे, पेपरात देणार आहे. त्यांनी माझा रिकामा पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाल्या, "लिहा. पण त्या माणसाचं नाव घालून लिहा. आमच्या ह्यांचं नाव तेव्हा सगळ्यांनी घेतलं होतं."

मी मान हलवली. घरी येऊन लिहायला बसलो. वर तुम्ही वाचलंत, सगळीकडे अध्यक्ष असंच लिहिलं आहे. दोनदा नाव घातलं आणि दोनदा खोडलं. माझी सून त्यांच्याच संस्थेत शिकवते, आणि जूनमध्ये तिची नोकरी कायम व्हायची आहे.