बिनकारणाची मेंढी

एरंडोलच्या दोन-तीन कोसांच्या टापूत कुणाचं काही मेलं, वाळलं, आटलं किंवा बिघडलं, की माणसं कौतिक धनगराकडे जायची. उपाय त्याच्याकडे असेलच असं नाही, पण कारण हमखास असायचं. विहिरीचं पाणी मचूळ झालं, तर याला चिंचेच्या मुळ्या दिसायच्या, मग ती चिंच भले दोनशे हात लांब का असेना. लिंबाला बहर का धरला नाही, लोटनच्या सुनेला सासरी का करमत नाही, जळगावची एस.टी. आज उशिरा का आली, सगळं याला ठाऊक. आणि सांगायचा असं ठासून, की विचारणारा मान डोलावत घरी जायचा. जाताना त्या माणसाला बरं वाटायचं, हेही खरंच.

बाकी गडी सुखी. साठ-सत्तर मेंढ्या, अंजनीच्या काठची चराई, आणि कापूस निघाला की शेतकरी आपणहून बोलवायचे, "कौतिकभाऊ, औंदा आमच्या वावरात बसवा मेंढ्या." लेंडीखताच्या बदल्यात दाणे मिळायचे, वर दोन वेळची भाकरी. बायको भिकुबाई जिभेने तिखट आणि हाताने सढळ. ती चारचौघांत म्हणायची, "यास्ले बठ्ठ्या जगनं कारण ठाऊक शे. मनासंगे लगीन काबर करं, तेवढंच सांगता येत नही." यावर सगळ्यांत मोठ्याने कौतिकच हसायचा.

त्याच्या कळपात पाच-सहा मेंढ्या लोकांच्या होत्या, अर्धलीने घेतलेल्या. मेंढी मालकाची, राखण कौतिकची, होतील ती कोकरं निम्मी-निम्मी. याला कागद नव्हता, रीत होती. मेंढी मेली तर तिचा खुणेचा कान कापून मालकाच्या घरी न्यायचा आणि कशानं मेली ते तोंडाने सांगायचं. राखणदाराची चूक असेल तर त्याने आपल्यातली मेंढी भरून द्यायची. लांडगा, साप, रोग असेल तर मालकाचं नशीब. कान आणि कारण दोन्ही पोचलं की मामला मिटला. पंचवीस-तीस वर्षांत कौतिकने बरेच कान पोचवले होते आणि त्याच्या शब्दावर कधी कुणी शंका घेतली नव्हती.

अठ्ठ्याऐंशी सालच्या चैत्रात एका सकाळी त्याला काळतोंडी मेंढी आडवी पडलेली दिसली. पाय ताठ, डोळे उघडे, बाकी काही नाही. आदल्या संध्याकाळी तिने त्याच्या हातून भाकरीचा तुकडा खाल्ला होता आणि वर त्याचा पटका ओढला होता.

काळतोंडी नर्मदाबाईची. नर्मदाबाई म्हणजे यादवची बायको, एरंडोलच्या दवाखान्यात आया होती. यादव हा कौतिकचा लहानपणापासूनचा दोस्त, रस्त्याच्या कामावर मैलकुली. अकरा वर्षांपूर्वी, चाळिशीही न गाठता, दुपारी कामावरून घरी आला आणि बसल्या जागी गेला. त्याने स्वतः कौतिकला दिलेल्या मेंढीची ही काळतोंडी नात, आणि नर्मदाबाईच्या वाट्याची आता एवढी एकच उरलेली. ती मेंढी म्हणजे तिच्या लेखी यादवच्या हातची वस्तू होती.

कौतिकने मेंढीला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. लोकर दोन्ही हातांनी फाकवून दाताची खूण शोधली. तोंड उघडून हुंगलं. पोट फाडून पाहिलं, तर आतडी कशी स्वच्छ, कोठ्यात चांगला चारा. फेस नाही, सूज नाही, रक्त नाही. ती जिथे जिथे चरली होती तिथे तो उन्हात वाकून वाकून गवत बघत फिरला. गुरांच्या दवाखान्याचा कंपाउंडर वाटेत भेटला, त्याने एक इंग्रजी नाव सांगितलं. पण तेच नाव त्याने मागल्या महिन्यात गिरधरच्या रेड्यालाही सांगितलं होतं. दुपार कलली तरी कौतिकच्या हाताला काही लागलं नाही. मेंढी गेल्याचं दुःख होतंच, त्यात ही नवीन लाज. पाच गावं ज्याला कारण विचारतात त्याच्याच दारात एक मेंढी बिनकारण मेली होती.

"साप चावना म्हणी सांगी टाका," भिकुबाई म्हणाली. "नर्मदाबाई काय मेंढीले इचाराले जाई का?"

पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी कान फडक्यात गुंडाळून कौतिक निघाला. गावाच्या वेशीवर गिरधरने विचारलं, तर हा म्हणाला, साप. गिरधरने मान डोलावली. एस.टी.च्या थांब्यावर सुपडू चहावाला होता. त्याच्यापुढे सहज, जीभ कशी वळते ते पाहावं म्हणून, हा म्हणाला, एरंडीच्या बिया खाल्ल्या. सुपडूनेही मान डोलावली, वर म्हणाला, मलाही तेच वाटलं. गाडीत शेजारी कमलबाई बसली. तिला त्याने सांगितलं, दृष्ट लागली, आणि तिने तर कुणाची असेल तेही सांगून टाकलं. मेंढी एक, कारणं तीन, आणि तिघांचंही समाधान. कौतिकला प्रथम हसू आलं. मग पुढचा सगळा रस्ता, आजवर आपण कुणाकुणाला काय काय सांगत आलो, हा विचार काही त्याचा पिच्छा सोडेना.

नर्मदाबाई नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिच्या घराची एक खोड होती. उन्हातून आलेल्याला तिथे लगेच पाणी मिळत नसे. आधी गुळाचा खडा, मग विंझणवारा, मग ख्यालीखुशाली, आणि मग कुठे पाणी, तेही माठातलं नव्हे तर पितळी कळशीतलं कोमट. दवाखान्यात काही शिकली असेल, असं कारण कौतिकने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

आजही तिने गूळ पुढे ठेवला. त्याने फडकं सोडलं. कान पाहून ती खाली बसली. बराच वेळ त्या कानावरून बोट फिरवत राहिली.

"कशानं गेली, कौतिकभाऊ?"

साप अगदी ओठावर आला होता. तो काही बाहेर पडेना.

"माले ठाऊक नही, वहिनी."

"म्हणजे?"

"बठ्ठं दखं. पोट फाडीसन दखं. काहीच सापडनं नही. सांजले चांगली व्हती, सकायले मरेल दिसनी. मना कळपमधली तुले आवडी ती मेंढी मी भरी देस. पण कारण मनाकडे नही."

नर्मदाबाईने कान परत फडक्यात गुंडाळला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "हे गेले तेव्हाही असंच म्हणायचं होतं की तुम्ही."

कौतिकला कळेना.

"अंगणात माणसं जमली होती. कुणीतरी तुम्हाला विचारलं, असा कसा गेला हो यादव? तुम्ही म्हणालात, उन्हातून तापून आला आणि गटागटा गार पाणी प्याला, त्यानं छाती बसली. ते पाणी मी दिलं होतं, कौतिकभाऊ. माठातलं. त्यांनी मागितलं आणि मी दिलं. डॉक्टर मला दहादा म्हणाले, बाई, पाण्यानं असं होत नसतं. मान मी हलवायची. पण शब्द तुमचा होता ना. अकरा वर्षं झाली, या घरात उन्हातून आलेल्याला मी माठातलं पाणी दिलेलं नाही. मला भीती वाटते."

कौतिकला ते बोलणं नीट आठवतही नव्हतं. कुणीतरी विचारलं होतं, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याने रोजच्यासारखं उत्तर दिलं होतं. रोजच्या गप्पांतलं एक वाक्य ही बाई अकरा वर्षं उरावर घेऊन जगत होती, आणि तो दर वर्षी याच ओट्यावर बसून गूळ खाऊन जात होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तवय बी माले काही ठाऊक नव्हतं. यादव कसा गया, ते माले ठाऊक नव्हतं. मी नुसता बोलनू. मनी चूक व्हयनी."

तिने पदर डोळ्यांना लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. कौतिकने तिला समजावलं नाही, काही सांगितलंही नाही. मग ती डोळे पुसत म्हणाली, "मेंढी भरून नका देऊ. यात तुमचा काय दोष?"

"मंग पानी दे," कौतिक म्हणाला. "कळशीमधलं नको. माठमधलं."

"उन्हातून आलायत तुम्ही."

"ठाऊक शे."

ती उठली. माठापाशी थोडी थांबली, मग तांब्या बुडवला. त्याच्या हातात देताना पाणी हिंदकळून तिच्या मनगटावर सांडलं. कौतिकने मान मागे टाकली आणि तांब्या एका दमात रिकामा केला. नर्मदाबाई श्वास धरून त्याच्या छातीकडे बघत उभी होती. त्याने मनगटाने मिशा पुसल्या, एक लांब ढेकर दिली आणि तांब्या पुढे केला.

"आखो एक भर. उन कितलं शे."

नर्मदाबाई हसायला लागली. पदर तोंडावर धरला तरी हसू आवरेना. हसता हसताच तिने दुसरा तांब्या भरून त्याला दिला, आणि तिसरा भरून, उभ्या उभ्या, स्वतः प्याली.