पेडलवाल्या गिटारचा सौदा

२००३ साली, दिवाळी संपून चार दिवस झाले असताना, माझ्या थोरल्या भावाने आपली पेडल स्टील गिटार हैदराबादच्या एका जुन्या वाद्यांच्या व्यापाऱ्याला मोडीच्या भावात विकली. सौदा वसमतला आमच्या घरी, सकाळी अकराच्या सुमारास झाला. व्यापाऱ्याला बोलावलं होतं मी.

ही गिटार गळ्यात अडकवायची नसते. ती टेबलासारखी चार पायांवर आडवी उभी राहते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर सरकवायची आणि पायाने पेडल दाबायचं. वाजत असतानाच सूर ताणला जातो. दादा नव्वदच्या सुमारास सिकंदराबादला जुना अ‍ॅकॉर्डियन घ्यायला गेला होता. हॉटेलात वाजवून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याकडे त्याने ही पाहिली आणि तीच घेऊन एस.टी.ने परत आला. शिकवणारं कोणी नव्हतं. कोणतं पेडल कोणती तार ओढतं, हे त्याने दोन वर्षांत स्वतः शोधलं. त्यानंतर दहा-अकरा वर्षं तो गावातल्या बँड पार्टीत ती वाजवत होता. वऱ्हाडी तिला शिलाई मशीन म्हणायचे. दादाला ते चालायचं.

त्या वर्षी दसऱ्याला बँडच्या मालकाने त्याला सांगितलं की तुळशीच्या लग्नापर्यंत कीबोर्ड आण, नाहीतर घरी बस.

"तुझं ते रडकं वाजणं कोन आयकून राहिलं आता? पोरायला नाचायचं हाय."

दादापुढे एकच रस्ता होता. गिटार विकायची, त्यातून कीबोर्ड घ्यायचा आणि बँडमधली जागा राखायची. हातात महिना होता. मी तेव्हा हिंगोलीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. जुनी विलायती वाद्यं घेणाऱ्या या व्यापाऱ्याची जाहिरात मला कार्यालयात आलेल्या एका अंकात सापडली. फोनवर मी गिटारचं वर्णन केलं. त्याने बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी आहे का, एवढंच विचारलं. आहे, म्हणालो. स्वतः येतो, म्हणाला.

आमच्याकडे जनावर बाजारात काढायचं तर आधी धुतात, शिंगं साळतात, रंगवतात. मळकं जनावर दावणीवरून सोडणं म्हणजे घेणाऱ्याचा अपमान. दादाने आणि वहिनीने गिटारीचं तेच केलं. लाकडाचं काळवंडलेलं पॉलिश काचेच्या कागदाने घासून काढलं. त्यावर चकचकीत लाल ऑइलपेंट दिला. पाय, पेडल, सगळं चंदेरी केलं. नावाची पट्टीही चंदेरी रंगाखाली गेली. मी आदल्या दिवशी घरी पोचलो तेव्हा रंग वाळत होता. वहिनी म्हणाल्या, "पाव्हणे हैदराबादहून येऊन राहिले. तशीच दाखवायची का?" मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी छान झाली म्हणालो.

व्यापारी आला, त्याने चहा घेतला, गिटार पाहिली आणि बशी खाली ठेवली.

"ये किसने करा?"

दादा हसून म्हणाला, मीच.

व्यापाऱ्याने शांतपणे सांगितलं की जुन्या पॉलिशलाच किंमत होती. आता हे सगळं मोड आहे, फार तर तारा पिळायच्या खुंट्या कामाला येतील. जाण्यायेण्याचा खर्चही अंगावर पडला, असंही म्हणाला. दादा माझ्याकडे पाहत होता. मी काय म्हणतो त्यावर तो ठरवणार होता. कोणाचंही विधान दुसऱ्याकडून तपासल्याशिवाय छापायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी तपासलं नाही. "देऊन टाक," म्हणालो. आलेल्या पैशात कीबोर्डचं स्टँड आलं असतं, कीबोर्ड नाही.

फेब्रुवारीत मी कामासाठी हैदराबादला गेलो आणि त्या दुकानात शिरलो. गिटार काचेमागे उभी होती. तिसऱ्या पेडलला दादाने बसवलेली सायकलच्या चेनची कडी तशीच होती. लाल रंग निघाला होता, चंदेरी निघाला होता, पट्टीवरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. लाकडाला नवं पॉलिश होतं. कोपऱ्यात विकली गेल्याची चिठ्ठी लावलेली होती. मी नोकराला रंग काढायला किती वेळ लागला असं विचारलं. त्याने एक दुपार सांगितली.

व्यापाऱ्याला मी विचारलं की मोड होती ना? तो ओशाळला नाही. "आपने ही तो दिया, साहब. मैंने छीना क्या?" त्याने मला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. मी त्याला खोटारडा म्हणालो, दोनदा, गिऱ्हाइकांसमोर. त्याने पंखा वाढवायला सांगितलं. लाल रंगाने किंमत काही प्रमाणात पडली असेल. तेवढं मी मान्य करतो. पण मोड काचेमागे ठेवत नाहीत. त्या माणसाने माझ्या भावाच्या घरात बसून, त्याचा चहा पिऊन, त्याच्या अदबीचा फायदा घेतला, आणि मी शेजारी बसून साक्षीला राहिलो. दोघांवरचा राग आजही तेवढाच आहे.

दुसऱ्या दिवशी मी वसमतला जाऊन दादाला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग त्याने एकच विचारलं.

"तिसरं पेडल बराबर दबत व्हतं का?"

मी दाबून पाहिलं नव्हतं.

तो लग्नाचा हंगाम सुरू होतानाच मालकाने आखाडा बाळापूरहून कीबोर्डवाला आणला होता. दादाला जनरेटरच्या गाडीवर ठेवलं होतं. अक्षयतृतीयेपर्यंत तो त्या गाडीवर होता. त्यानंतर त्याने बँड सोडला.