अनुसूयाक्काची नीरुकोळी

“विचारल्यावाचून सांगू नये, आणि सांगितलं तर पान क्रमांकासकट सांगावं.”

अनुसूयाक्का हे दिवसातून चारदा तरी म्हणायची. म्हणताना चष्मा कपाळावर सरकवायची आणि समोरच्याकडे अशी बघायची, की न विचारता बोलून गेलेल्याला आपलीच जीभ जड वाटावी.

तिचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलेलं आणि परत न गेलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. दिवसा ती एका शाळेत कारकून होती. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी मात्र ती निसर्ग मंडळाच्या वाचनालयाची मालकीण असायची. मालकीण हा माझा शब्द. मंडळाच्या कागदावर ‘मानद ग्रंथपाल’ असं लिहिलेलं होतं.

वाचनालय म्हणजे तांदळाच्या दुकानावरची एक खोली आणि दोन लोखंडी कपाटं. एकात पुस्तकं. दुसऱ्यात तिची वीस वर्षांची कात्रणं, टिपणं, लोकांची पत्रं. बेडूक एका फाइलीत, वटवाघळं दुसरीत, आणि तळ्यांना एकेक फाइल वेगळी. या कपाटाची चावी तिच्या कमरेला असे. मी होसकोट्याहून दर शनिवारी पुस्तकं बदलायला यायचो, अकरा वर्षं येत होतो, पण ती चावी मी कधी हातात धरली नव्हती. कॉलेजचे प्राध्यापक यायचे, वर्तमानपत्रवाले यायचे. समोरच्या खुर्चीत बसायचे आणि विचारायचे. ती उठायची, कुलूप काढायची आणि बोट नेमक्या पानावर ठेवायची. शेतात नांगर एकदा बरोबर लागला की बैल आपोआप चालतात ना, तसं तिचं बोट चालायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या आषाढात सुखदा आली.

सुखदा पुण्याची. महादेवपुऱ्यात कुठल्या कंपनीत नोकरी, राहायला मारतहळ्ळीला. मंडळाचे चिटणीस नरसिंहराव तिला जिन्यावरून वर घेऊन आले, त्यांच्यामागून हमालाच्या डोक्यावर कॉम्प्युटर आला. जगात कुठे कुठे इंटरनेटवर झाडापेडांची, पशुपक्ष्यांची माहिती आहे, ते शोधून सुखदा मंडळासाठी एक यादी करणार होती.

“मावशी, तुमचं टेबल जरा सरकवू का? फोनची वायर या खिडकीपर्यंतच पोचतेय,” सुखदा म्हणाली.

“अक्का म्हण,” अनुसूयाक्का म्हणाली. “तुझ्या आईची बहीण नव्हे मी.”

टेबल सरकलं. वीस वर्षं खिडकीशी असलेलं अक्काचं टेबल भिंतीशी गेलं आणि खिडकीशी कॉम्प्युटर बसला.

मग ते यंत्र फोनच्या तारेवरून किंचाळायचं, गुरगुरायचं, आणि पाच-सात मिनिटांनी पडद्यावर एखाद्या बेडकाचं डोकं उतरायचं. आणखी दोन मिनिटांनी त्याचे पाय. खोलीतले सगळे पाय यायची वाट बघत उभे राहायचे. अक्का एकटी भिंतीशी बसून कात्रणांना खळ लावायची. नरसिंहराव पूर्वी खालून कॉफी आणत ती आधी अक्कापुढे ठेवत. आता ती आधी कॉम्प्युटरच्या टेबलावर जायची आणि अक्कापर्यंत येताना तिच्यावर साय धरलेली असायची. अक्काने ती साय बोटाने काढून बशीच्या कडेला लावलेली मी बघितली. तिने कॉफी प्यायली नाही.

“आज तिच्याकडे सात जण आले,” ती मला हळूच म्हणायची. “माझ्याकडे तू. तूही पुस्तक बदलायलाच.”

एकदा एक प्राध्यापक, ज्याला तिने त्याच्या प्रबंधासाठी दोन वर्षं कागद काढून दिले होते, तो नमस्कार करून थेट सुखदाकडे गेला. अक्काने समोरच्या रिकाम्या खुर्चीवरून पदराने धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

त्याच वर्षी होन्नम्माच्या तळ्याचं संकट आलं. तळ्याचा पूर्वेकडचा कोपरा भरून तिथे घरांचे प्लॉट पाडायचे असं ठरत होतं. त्या कोपऱ्यात पाणकणसाचं दाट रान होतं. सरकारी अधिकारी सुनावणी घेणार होते आणि मंडळाने तळ्यातल्या जीवांची यादी द्यायची होती. आजवर असं काम अक्काचं असायचं. नरसिंहरावांनी ते सुखदाला दिलं.

“अक्का, तुम्हाला आता दगदग नको,” ते म्हणाले.

“सरी,” अक्का म्हणाली. म्हणजे ‘बरं’. बस्स एवढंच.

सुखदा मनापासून राबणारी पोर. ती तळ्यावर गेली, तिथल्या कल्लाप्पाला भेटली. कल्लाप्पा त्या तळ्यात मासे धरणारा. त्याला कन्नडखेरीज काही येत नव्हतं, हिला कन्नड स्वल्पच. ‘पूर्वेच्या कोपऱ्यात काय काय राहतं?’ असं हिने खुणेने विचारलं. तो म्हणाला, “नीरुकोळी. बहळ नीरुकोळी.” बहळ म्हणजे पुष्कळ आणि नीरु म्हणजे पाणी, हे तिला ठाऊक होतं. कोळी तर घरचाच शब्द. तरी खात्री करावी म्हणून तिने बोटं हलवून जाळं विणल्यासारखं करून दाखवलं. कल्लाप्पाला वाटलं, ही माझ्या जाळ्याची चौकशी करते. त्याने आनंदाने मान हलवली आणि आपलं जाळं उचलून दाखवलं.

त्या शनिवारी सुखदा धावतच जिना चढली. “सर, आपल्या तळ्यात पाण्यातले कोळी आहेत! मी नेटवर शोधलं. युरोपात खरंच असा एक कोळी असतो, पाण्याखाली हवेचा बुडबुडा करून राहतो. इंडियात रेकॉर्डच नाहीये. विचार करा, केवढी मोठी गोष्ट आहे!” तिने छापलेली चार पानं टेबलावर पसरली. पानांवर त्या आठ पायांच्या किड्याचं चित्र.

भिंतीशी बसलेल्या अक्काची खळीची काडी हवेत थांबली. मी तिच्याकडे बघितलं. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी, हे मला कळत होतं, आणि तिला तर कळतच होतं. नीरुकोळी म्हणजे पाणकोंबडी, काळसर अंगाची, लाल कपाळाची. दर श्रावणात कल्लाप्पाच्या टोपलीसारख्या गोल होडीत बसून अक्का त्याच कोपऱ्यातली तिची घरटी मोजायची. पंधरा वर्षांची टिपणं त्या कपाटात होती.

मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात दाबला. जिन्यात आल्यावर मी म्हटलं, “अक्का, सांगायला हवं.”

“तिने विचारलं मला?”

“नाही, पण...”

“मग? तिने जगाला विचारलं. जगाने सांगितलं. चार पानं भरून सांगितलं.” तिचे डोळे चमकत होते आणि त्या चमकेने मला भीती वाटली. “सुनावणीत त्या अधिकाऱ्यापुढे वाचू दे की कोळी. मलाही ऐकायचंय.”

मीही गप्प राहिलो. तिची मर्जी मला त्या तळ्याहून मोठी वाटली, हे लिहून ठेवतो.

सुनावणी गावच्या शाळेत झाली. पुढच्या बाकावर प्लॉटवाले, पांढरे कपडे, पायांत चामड्याच्या चपला. मागे कल्लाप्पा, त्या दिवशी जाळं न टाकता आलेला. सुखदाने इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. पाणकोळ्यापर्यंत आली, चित्र उंच धरलं. अधिकाऱ्याने कागदावरच्या ‘नीरुकोळी’ या नावाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं.

“एनम्मा, नीरुकोळीला आठ पाय कधी फुटले?”

पुढचा बाक हसला. एकजण ओरडला, “मॅडमना कोळी सारू खायला घाला!” कोळी सारू म्हणजे कोंबडीचा रस्सा. सगळी शाळा हसली. कल्लाप्पाला आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्याने सुखदाकडे नाही, अक्काकडे बघितलं. होडीत पंधरा श्रावण समोरासमोर बसलेला माणूस तो. रागावला नव्हता, नुसता बघत होता.

अधिकारी कागद बाजूला सारत म्हणाला, “म्हणजे कोपऱ्यात विशेष काही नाही.”

तेव्हा अक्का उठली. तिला कुणी विचारलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती न विचारता बोलली, आणि कन्नडात बोलली, सावकाश, एकेक साल सांगत. त्र्याऐंशी साली घरटी नऊ. चौऱ्याऐंशीत अकरा. दुष्काळाच्या साली दोनच. गेल्या श्रावणात सतरा. “वही तिसरी, पान चाळीस,” ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. म्हणजे ती वही घेऊनच आली होती. हसायला आली होती की सांगायला, हे तिचं तिलाही ठाऊक नसावं.

अधिकाऱ्याने वही चाळली. विणीच्या जागेची नीट पाहणी झाल्याशिवाय कोपऱ्याला हात लावायचा नाही, असं त्याने लिहून दिलं.

बाहेर आल्यावर सुखदा रडवेली होऊन म्हणाली, “अक्का, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

अक्काने आपलं ते नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. “जळत होते,” ती म्हणाली. “ही वही तुझ्याकडेच ठेव, बाकीच्याही देते. घाल तुझ्या त्या यंत्रात.”

सुखदाने तीन महिने रात्रंदिवस टाइप केलं. मार्गशीर्षातल्या एका शनिवारी ती म्हणाली, “अक्का, या ना, बघा. सगळ्या वह्या नेटवर गेल्या. आणि खाली बघा, तुमचं नाव.”

अक्का खिडकीशी गेली, आपल्याच जुन्या जागी उभी राहिली आणि नाव वाचलं. “पान क्रमांक कुठाय?”

“नेटवर पान क्रमांक नसतो अक्का. एकच लांब पान असतं.”

“असं होय.”

तेवढ्यात एक कॉलेजची मुलगी जिना चढून आली. पाणकोंबडीच्या घरट्यांची माहिती हवी होती. अक्काने सवयीने चष्मा कपाळावर सरकवला. मुलगी तिला वळसा घालून सुखदापाशी गेली, पडद्यावर वाकली आणि अक्काची पंधरा वर्षं उभ्याउभ्या उतरवून घेऊ लागली. खाली नावापर्यंत ती पोचलीच नाही.

अक्काने कमरेची चावी सोडली. मी उभाच होतो, हात मोकळे होते. तिने ती सुखदाच्या कीबोर्डवर ठेवली. “बेडकांच्या फाइलीला कसर लागते. कडुनिंबाचा पाला घालत जा.” मग पिशवी घेतली आणि जिना उतरली.

आम्ही दोघं खिडकीत उभे राहिलो. ती तांदळाच्या दुकानावरून, फुलवालीवरून पुढे गेली, बसथांब्यावर न थांबता तळ्याच्या रस्त्याला लागली. तिने वळून बघितलं नाही. सुखदा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मी मात्र मधूनच सुखदाच्या मुठीकडे बघत होतो, आणि त्या मुठीतल्या चावीकडे.