मास्तरांच्या मापाची पट्टी

आमच्या बुकोवेत्स गावच्या शाळेत वेलिका बाई गणित शिकवायच्या आणि उरलेला वेळ मीटरपट्ट्या सांभाळायच्या. लाकडी पट्टी भिंतीला टेकवून ठेवली की वाकते, शेगडीजवळ ठेवली की तिला पीळ पडतो. म्हणून बाई तिच्या भोकात दोरी ओवून खिळ्याला टांगायच्या आणि रोज सकाळी एक डोळा मिटून तिची धार बघायच्या. बाकीच्या थोर शिक्षकांना पट्टीचे जास्त उपयोग ठाऊक होते. खिडकी ढकलायची, निखारे सारायचे, टेबल बडवायचं. सगळ्यांत थोर हेडमास्तर स्तामेन. पोरांच्या पाठी सरळ करता करता त्यांनी निम्म्या पट्ट्या वाकड्या केल्या. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेत एकच सरळ पट्टी उरली होती. नवी मागावी तर जिल्ह्याची कचेरी लगेच शाळा बंद करण्याचा विषय काढायची. त्या कचेरीशी मी भांडलोय, तेव्हा तिच्याबद्दल चांगलं बोलायला मला सांगू नका.

मग स्तामेन मास्तर वारले. आमच्याकडे नदीकाठचा बोरू मेलेल्याच्या उंचीएवढा कापतात, त्या मापाने पेटी करतात आणि बोरूही त्याच्यासोबत पुरतात. माप जमिनीवर राहिलं तर ते मरणासाठी पुढचा माणूस शोधतं म्हणे. पण सुतार गान्चो पडला सुधारक. नदीपर्यंत कोण चालणार? त्याने शाळेतून ती सरळ पट्टी उचलली आणि मास्तरांना मापलं. झालं! राइना काकूंनी पट्टी पेटीत नवऱ्याच्या हाताशी ठेवली. जन्मभर तिथेच तर होती.

बाई खडूच्या हातांनीच धावत आल्या. आधी नीट मागून पाहिलं. पाद्रीबाबांनी पोथीत डोकं खुपसलं. गान्चो तेवढा बोलला, "बाई, एका काठीपायी गावावर मरण आणता का?"

बाई त्याच्याकडे वळल्याही नाहीत.

"राइना काकू, मास्तर किती उंच होते हो?"

"अख्ख्या गावात त्यांच्याएवढं कुणी नव्हतं," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"आणि तुम्ही माप म्हणून ठेवलाय एक मीटर. वर गेल्यावर बघणारे म्हणतील, मास्तर एवढेच होते."

मागे कुणीतरी हसलं आणि ते खोकल्यात दडवलं. काकूंनी स्वतःच्या हाताने पट्टी काढून दिली आणि गान्चोला नदीवर पिटाळलं. तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतला. तोवर मास्तर थांबले. त्यांना घाई नव्हती.

पट्टी पुन्हा खिळ्यावर गेली. आता ती मेलेल्याची पट्टी. एकही शिक्षक तिला शिवत नाही. खिडकी हाताने उघडतात, निखाऱ्यांना चिमटा आणलाय. पोरं मात्र बिनघोर फळ्यावर तिनेच रेघा मारतात. मास्तरांची भीती त्यांनी मास्तर जिवंत असतानाच भोगून संपवली. रेघ अगदी सरळ येते. शाळेसाठी मास्तरांनी केलेलं हे पहिलं काम, आणि त्यासाठी त्यांना मरावं लागलं.