निदान सांगायचं तरी

"ती सतरंजी तेवढी तुम्हीच धुऊन टाका," काकू म्हणाल्या.

आवाज चढा नव्हता. उलट गोडच होता, नेहमीसारखा. पायाच्या अंगठ्याने त्यांनी सतरंजीचं टोक आमच्याकडे सरकवलं. हात लावला नाही. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाड सतरंजी. तिच्यावर आंब्याची डाळ सांडलेली, हळद सांडलेली. थोड्या वेळापूर्वी तिच्यावर लोणावळ्याच्या पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. त्यांच्यात मी आणि माझी आई. त्या बसल्या तेव्हा सतरंजी चांगली होती. आम्ही बसलो म्हणून विटाळली.

आई दाराशी उभी होती, चपलांच्या ढिगाजवळ. मान खाली. मी तिच्या शेजारी. माझ्या हातात डाळीची वाटी होती आणि तोंडात घास. तो गिळावा की थुंकावा, मला कळत नव्हतं. शेवटी गिळला.

"मी स्वतः काही मानत नाही हो," काकू म्हणाल्या. "पण घरात चार लोक येतात. निदान सांगायचं तरी!"

काकू आमच्या घरमालकीण. वर्षभर त्यांच्या मागच्या अंगाच्या खोलीत आम्ही भाड्याने राहत होतो. वर्षभर त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

मी मुंबईची. परळच्या चाळीत जन्मले. बाबा गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. तो कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. गरिबाला हवा बदला म्हणून सांगायला काय जातंय! पण त्याच साली दादाला रेल्वेत खलाशाची, पडेल त्या अंगमेहनतीची नोकरी लागली, लोणावळ्याला. आणि लोणावळ्यात नवं कॉलेज निघालेलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. बाबांची हवा, दादाची नोकरी आणि माझं कॉलेज, सगळं एकाच स्टेशनवर आलं. आम्ही चाळीतली खोली सोडली. लगेच दुसरं बिऱ्हाड तिथे आलं. मुंबईला परत जायची वाट तेव्हाच बंद झाली.

आमचं आडनाव गावावरून. शेवटी 'कर'. बाबा गिरणीत लागले तेव्हा कारकुनाने गाव विचारलं आणि त्याला 'कर' जोडून टाकलं. मुंबईत त्या 'कर'मध्ये सगळं खपायचं. तिथे जात नव्हती असं नाही. आमची चाळ आमच्याच लोकांची होती, ती काय आपोआप झाली होती? पण चाळीबाहेर पडलं, ट्राममध्ये बसलं, दुकानात गेलं, की कुणी थांबून विचारत नसे. तेवढाच काय तो मोकळा श्वास.

खोली बघायला आलो त्या दिवशी काकूंनी आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कोकणातले का तुम्ही?"

"मुंबईचे," बाबा म्हणाले.

तेही खरंच होतं. पुढचं सगळं काकूंनीच ठरवलं. पोरगी कॉलेजात जाणार, मुलगा रेल्वेत, बाप शांत, बाई स्वच्छ. म्हणजे आपल्यातलेच. आम्ही नाही म्हटलं नाही. आमच्या ट्रंकेत बुद्धाची तसबीर होती. मुंबईत ती दारासमोर लावलेली असायची. लोणावळ्यात वर्षभर ती ट्रंकेतच राहिली. आई म्हणायची, "भितीला खिळा ठोकलेला चालायचा न्हाई त्यास्नी." खिळ्याचं कारण आम्हा चौघांनाही पटल्यासारखं होतं. कुणीच कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. ज्या गावाचं नाव आम्ही लावत होतो ते गाव मुंबईपासून लांब होतं. लोणावळ्यापासून नव्हतं. पुढच्याच स्टेशनला, मळवलीला उतरायचं, इंद्रायणी ओलांडायची आणि शेताच्या बांधाने चालत जायचं. झालं. मुंबईतून निघून आम्ही आपल्याच म्हारवाड्याच्या तोंडाशी येऊन राहिलो होतो, कोकणातले म्हणून.

काकू मायाळू होत्या, हे नाकारून चालणार नाही. बाबांना खोकल्याची ढास लागली की आल्याचा काढा पाठवायच्या. माझ्याकडून पोथी वाचून घ्यायच्या आणि आलेल्या-गेलेल्याला सांगायच्या, "किती शुद्ध बोलते बघा." मला ते आवडायचं. फुगायची मी. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

चैत्रात त्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं. माझी परीक्षा तोंडावर आली होती.

"कुंकवाला कुटं निगालीस?" बाबांनी आईला विचारलं. "सोडलं न्हवं का आपण ते समदं?"

"घरमालकीण सोता बोलवाया आली. न्हाई कसं म्हणू?" आई म्हणाली. "पोरीची परीक्षा हाय. वाईटपणा कशाला?"

आम्ही गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. सतरंजीवर मधोमध बसलो. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची बायको माझ्या शेजारी होती. तिने विचारलं, कुठल्या वर्गात, विषय कुठले. आईच्या कपाळाला काकूंनी स्वतः बोट लावलं. ओटीत भिजवलेले हरभरे घातले. आईच्या चेहऱ्यावर मी असं हसू कधी पाहिलं नव्हतं. घाबरं हसू. फार सुखाचं.

काकूंकडे वर्षाचा तांदूळ एका पाटलाच्या घरून यायचा. त्या वर्षीची पोती नेमकी तेव्हाच परसात उतरली आणि पोत्यांबरोबर आलेल्या पाटलीणबाई हळदीकुंकू आहे म्हणून ओसरीवर आल्या. उंच, नाकात नथ, अंगठ्यांनी भरलेली बोटं. मी त्यांना ओळखत नव्हते.

आईने ओळखलं.

ती उठली. कुणी उठवलं नव्हतं. पाटलीणबाईंनी अजून तिच्याकडे बघितलंही नव्हतं. पण आईने पदर कपाळापर्यंत ओढला, अंग चोरलं, बायकांना चुकवत चुकवत सतरंजीवरून खाली उतरली आणि चपलांशी जाऊन उभी राहिली. वाकली. लांबूनच जमिनीला हात लावला. "पाया पडते, आईसाब."

वीस-बावीस वर्षं ती मुंबईत राहिली होती. मोर्च्यांत गेली होती. देव टोपलीत घालून तिने स्वतःच्या हाताने खाडीत सोडले होते. आणि पाटलीणबाईचं लुगडं दारात दिसताच तिचे पाय आपोआप चपलांकडे गेले. डोक्याला विचारायला ते थांबलेच नाहीत.

काकू आधी हसल्या. "अहो, तुम्ही कुठे उठलात? बसा ना!"

पाटलीणबाईंनी डोळे बारीक केले. "कोन गं तू? सोनी न्हवं? आमच्या गावच्या म्हाराची सून?" मग काकूंकडे वळल्या. "ही हितं कशी? तुमच्या सतरंजीवं?"

कुणी किंचाळलं नाही, कुणी शिवी दिली नाही. शेजारच्या बाईने फक्त आपल्या लुगड्याचा घोळ माझ्या गुडघ्यापासून ओढून घेतला. मग एकेकीला घरची कामं आठवली. स्वयंपाक राहिला होता, मूल उठलं असेल. आमच्या अंगावरून जाताना त्या वाकड्या होऊन गेल्या. दारातून आईला हात न लावता चपला काढणं अवघड होतं. ते त्यांनी जमवलं.

मी उठून आईशेजारी जाऊन उभी राहिले होते. लाजेने मला दरदरून घाम फुटला होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला राग काकूंचा आला नाही, पाटलीणबाईचा आला नाही. आईचा आला. का उठलीस? बसून राहिली असतीस तर? इतका जहरी राग, जन्म दिलेल्या बाईचा! त्या रागाची लाज सतरंजीच्या लाजेहून मोठी आहे.

सगळ्या गेल्या. पाटलीणबाई आत पाटावर बसल्या. तेव्हा काकू सतरंजीचं बोलल्या.

पुढे त्यांनी आणखी सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं, असं त्यांचं आजही मत असेल. "मुलीचं वर्ष फुकट जायला नको. परीक्षा होईपर्यंत राहा. पुढेही बघू, अगदीच काही रस्त्यावर काढत नाही मी. एवढी सतरंजी धुऊन टाका, नळाला हात लावू नका, पाणी मी वरून घालीन. आणि मागच्या दाराने ये-जा करा. झालं. कुणाला काही कळायला नको."

म्हणजे सौदा स्वच्छ होता. सतरंजी धुतली तर खोली राहणार. खोली राहिली तर कॉलेज राहणार. नाही धुतली तर आजच्या आज बाहेर.

आईने तो सौदा लगेच मान्य केला. तिने मान डोलावली, पदर खोचला आणि वाकून सतरंजी गुंडाळायला लागली. हळदीचा एक डाग तिने तळहाताने पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी पसरला. तशी ती ओशाळी होऊन काकूंकडे बघून हसली. "निगंल बाई, साबणानं निगंल."

ते हसू मला सहन झालं नाही.

मी पुढे गेले. तिच्या हातातून सतरंजी सोडवली, परत नीट पसरली आणि तिच्यावर मधोमध मांडी घालून बसले.

"ऊठ," काकू म्हणाल्या.

"नाही."

"अगं, काय हे? मी तुमच्या भल्याचं सांगते आहे."

"मी बसले म्हणून ही विटाळली ना? मग बसू द्या नीट. विटाळू दे पुरती."

हे मी फार शूरपणे म्हटलं असं कुणी समजू नये. मी रडत होते. नाक गळत होतं. आतून पाटलीणबाई म्हणाल्या, "लय शिकली जनू." आई माझा दंड धरून ओढत होती. "ऊठ गं बाई. धुतली तर काय हात झिजत्यात का माजे? तुजं शिक्षान जाईल. आगं, समदं तुज्यासाठीच हाय न्हवं?"

माझ्यासाठी. तिथेच तर माझं डोकं फिरलं. आईला वाकायला लावून मी शिकायचं, पुस्तकं वाचायची, शुद्ध बोलायचं! त्या शिकण्याचं मी करणार काय होते? दुसरी एखादी सतरंजी मिळवणार, आणि तिच्यावरून पुन्हा कुणीतरी उठवेल म्हणून जन्मभर भीत राहणार?

"तू वाकलीस तर मी कॉलेजचं तोंड बघणार नाही," मी आईला म्हटलं. "तू निवड."

खोकल्याचा आवाज आला. बाबा मागच्या खोलीतून आले होते आणि अंगणात भिंतीला धरून उभे होते. त्यांना दम लागला होता. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. त्यांना सगळं समजलं होतं. आईकडे बघून ते एवढंच म्हणाले, "सोड ती सतरंजी. सामान बांधू, चल."

आईने माझा दंड सोडला.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही मळवलीला उतरलो, दादा कामावरून सुटून मागून आला. चुलत्यांच्या घरी, गावाबाहेरच्या वस्तीत. परीक्षा मी तिथूनच दिली, चालत आणि गाडीने ये-जा करून. कॉलेजात बातमी माझ्या आधी पोचली होती. माझ्या बाकावर बसणारी मुलगी पुढच्या बाकावर गेली. चांगली होती ती. मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "आधी सांगायचं ना गं. मला काही वाटलं नसतं."

"तू सांगितलंस का मला तुझं?" मी विचारलं.

ती गोंधळली. तिला कुणी कधी हा प्रश्न विचारलाच नव्हता. जगात सांगायची पाळी फक्त आमच्यावर. आणि नाही सांगितलं की आम्ही फसवे.

निकाल लागला. पास झाले. पण जूनमध्ये कॉलेज उघडणार, आणि पावसाळ्यात गावाकडून स्टेशनला येणं अशक्य. नदीला पाणी आलं की दिवसचे दिवस पलीकडे जाता येत नाही. चुलत्यांच्या घरातल्या धुराने बाबांचा खोकलाही वाढला होता. लोणावळ्यात खोली मिळाली नाही तर माझं शिक्षण संपलं.

मी आणि आई खोली शोधायला निघालो. गाडीत आई माझ्या कानाशी लागली. "नुसतं मुंबईचे म्हन की. खोटं हाय का त्ये?"

"खोटं नाही," मी म्हटलं. "पण आता म्हणणार नाही."

बाजाराच्या मागे एका घराला पाटी होती, खोली भाड्याने देणे आहे. दार एका गृहस्थांनी उघडलं. चष्मा, धोतर, हातात वर्तमानपत्र. त्यांनी "या" म्हणायच्या आत मी बोलून टाकलं. मूळ गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. म्हटलं, "आम्ही बौद्ध. आधीचे महार. भाऊ रेल्वेत आहे, मी इथल्या कॉलेजात शिकते. खोली बघायची आहे."

आई माझ्या मागे श्वास रोखून उभी होती. ते कळत होतं मला. लाज वाटली का? वाटली. तोंडातून शब्द जाताना जिभेला चटका बसला. आजही बसतो. लाज गेली असं मी कुणाला सांगणार नाही.

गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "खोली कालच गेली."

"मग पाटी काढा," मी म्हटलं. "नाहीतर तिच्यावर लिहा, कुणाला देणार नाही ते."

त्यांनी दार लावून घेतलं. आई म्हणाली, "आता?"

आता काय. लोणावळ्यात घरं पुष्कळ होती. जून उजाडेपर्यंत मी एकेकाचं दार वाजवणार होते. आधी जात सांगणार होते, मग भाडं विचारणार होते.